बिजली हसली कशी?

प्रिय निखिलदादा,

जो वाचणार नाही त्याला पत्र लिहिणं मला पटत नाही. पण उद्या टी-शर्टच्या दुकानाला उत्तर द्यायचं आहे, हो किंवा नाही, आणि प्रश्न तुझ्या चित्राचा आहे. दुसऱ्या कोणाला विचारू?

टी-शर्टचा नमुना समोर टेबलावर पसरला आहे. पांढरा, गोल गळ्याचा, छातीवर तुझी बिजली. खांबावर चढलेली, कानामागे टेस्टर खोचलेला, मागे वायरींचं जंजाळ. सावल्यांना तू हाताने दिलेले बारीक ठिपकेसुद्धा नीट उतरलेत. सगळं जागच्या जागी आहे. फक्त ती हसते आहे.

बिजली हसत नाही, दादा! तीन वर्षं तू तिची मंगा, ती जपानी वळणाची चित्रकथा, काढलीस. आपल्या पुरानी बस्तीतल्या खांबांवर चढून वीज पिणाऱ्या भुतांना पळवणारी ही पोट्टी एकाही पानावर हसलेली नाही. तिचं तोंड म्हणजे एक आडवी, सरळ रेघ. "तुझंच तोंड आहे, पट्टी लावून काढतो," असं तू म्हणायचास. मला त्यात विनोद कुठे आहे ते कधी कळलं नाही.

मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची, हे तू आईला किती वेळा सांगितलंस? ती आपली डावीकडूनच सुरू करायची. "काहून रे, हे भूत आधी मेलं अन् मग भांडून राह्यलं?" तू पोट धरून हसायचास आणि समजावायचं सोडून म्हणायचास, "हव आई, तसंच आहे ते."

तुझी हीच सवय मला खटकायची. सगळ्यांना हव! कोणाच्या लग्नपत्रिकेवर नवरा-नवरी काढून दे, हव. ब्राह्मणपाऱ्यातल्या गणपतीचा पडदा रंगवून दे, हव. मग या दुकानालाही असंच हव म्हणून बसलास का? तिला हसवा म्हणाले आणि तू मान हलवलीस? की तू गेल्यावर त्यांनीच परस्पर केलं? तू काही सांगून गेला नाहीस. मला कळणार कसं?

परवा मी तेलीबांध्याला त्यांच्या ऑफिसात गेले. तुझं काम बघणारे सौरभ भैया नमुना हातात घेऊन मोठ्या उत्साहात उभे होते. तोंड कोणी बदललं, एवढंच मी विचारलं.

"दीदी, भैया ने ही भेजा था। अस्पताल से।"

त्यांनी फाइलही दाखवली. फाइलमध्ये कोणीही काहीही बदलू शकतं, हे मला शिकवायला नको. तसं मी बोलून दाखवलं. ते ओशाळले, आणि मग नको ते बोलून बसले.

"वैसे अच्छा ही हुआ न दीदी, उदास लड़की को कौन पहनेगा?"

"वो उदास नहीं है।"

"मतलब, गुस्से में है?"

"गुस्से में भी नहीं है। काम कर रही है।"

त्यांनी नमुना माझ्या हातात दिला. मग म्हणाले, सोमवारपर्यंत कळवा, नाही तर ती जागा दुसऱ्या डिझाइनला द्यावी लागेल. माणूस वाईट नाही, दादा. पण माझा विश्वास बसेना. मी नमुना पिशवीत घातला आणि निघून आले.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. नाही म्हटलं, तर बिजली कोणाच्या अंगावर दिसणार नाही. लोक तिला घालून बाजारात फिरतील, तिच्यावर चटणी सांडतील, हे तुझं एकच मागणं होतं. हो म्हटलं आणि तोंड त्यांनी बदललेलं असेल, तर मी खोट्या चेहऱ्याची बिजली तुझ्या नावावर खपवली असं होईल. आई म्हणते, तू शिकलेली आहेस, तूच ठरव. हे काय उत्तर झालं?

आज दुपारी शेवटी भिंग काढलं. कारखान्यात दिवसभर खोक्यांवरची छपाई ज्याने तपासते, तेच. ते बिजलीच्या ओठांवर ठेवलं.

तू डावखुरा. आडवी रेघ तू उजवीकडून डावीकडे ओढायचास. सुरुवातीला निब दाबायचास, पुढे हात हलका व्हायचा, आणि डावीकडच्या टोकाला रेघ दम लागल्यासारखी विरायची. उजव्या हाताने काढणाऱ्याचं बरोबर उलटं होतं. या हसण्याची रेघ उजवीकडे जाड आहे, डावीकडे बारीक, आणि टोकापाशी किंचित तुटलेली. मी भिंतीवरच्या तुझ्या जुन्या पानाशी ताडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. रेघ तुझी आहे.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला! तीन वर्षं जपलेलं तोंड दवाखान्यात पडल्या-पडल्या बदलतोस? सलाइन उजव्याच हाताला लावा म्हणून सिस्टरशी वाद घातलास, तो यासाठी? आयुष्यात एकदा कोणाला नाही म्हणालास, आणि त्याचं कारणही मला सांगितलं नाहीस?

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. टी-शर्टकडे बघून म्हणाली, "हे तर तूच आहेस वं."

"मी अशी हसत नाही."

"हसते न! मिक्सर खोलून बसते, अन् तो घर्रकन सुरू झाला का अशीच हसते. एकाच बाजूनं. तुले कसं दिसन? मले अन् निखिलले दिसे."

ती चहा ठेवून गेली. मी आरशात बघायला उठले नाही. घरात बंद पडलेलं काही नव्हतं.

पण दवाखान्यातली तुझी खाट आठवली. डोक्याकडची बाजू वर करायचा दांडा अडकला होता आणि वॉर्डबॉय उद्या बघू म्हणत होता. मी खाली बसून पिन सरळ केली. खाट वर आली, तू बसता झालास, आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, दुखतंय. मी गोळी विचारायला बाहेर गेले. तू थांबवलं का नाहीस? तेव्हाच सांगायचं होतंस!

उद्या मी हो कळवणार आहे. आधी सौरभ भैयांची माफी मागेन, मग एक अट घालीन. छापताना शाई जरा जास्त झाली की बारीक रेघ फुगते. कोणीतरी म्हणेलच की हे टोक तुटलेलं आहे, जोडून टाकू. पहिला टी-शर्ट छापतील त्या दिवशी मी सुट्टी घेऊन तिथे उभी राहीन, भिंग घेऊन. ते टोक मी कोणाला जोडू देणार नाही, हे माझं वचन. हसण्याचं वचन देत नाही. ते मला ठरवून जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

तुझ्यावर अजून रागावलेली,
मृणाल