जिवंत आजोबांचं नाव

आईला तिर्त्साचा बीरशेबाहून नमस्कार,

मी बरी आहे, बाळही पोटभर दूध पितं. तू फोन आदळतेस, म्हणून गिदोनदादाबरोबर हे पत्र हैफाला पाठवते आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मी वैतागले आहे गं! परवा बाळाची सुंता, तेव्हाच नाव ठेवायचं. आणि तू म्हणतेस, "जिवंत आजोबांचं नाव नातवाला? म्हणजे म्हाताऱ्याच्या मरणावर टपणं!" इकडे सासूबाई गाल फुगवून बसल्यात. आजोबांचंच नाव नातवाला द्यायची त्यांची मोरोक्कोकडची रीत मोडली, तर म्हणे त्यांच्या नवऱ्याचा अपमान. दोघींच्या भांडणात माझं मात्र मरण होतंय. बाळंतीण मी, पण मला कोणी विचारतच नाही.

शेवटी मामंजींनाच तुझं म्हणणं सांगितलं. ते सासूबाईंकडे बघून हसले. "विहीणबाईंना कळव, मला मारायला हिच्या हातचं तिखट कालवण पुरेसं आहे." मग डोळे पुसून बाळाची टोपी सारखी करत बसले.

त्यांचं नाव रहमीम, म्हणजे दया. आपल्या हिब्रूत गर्भाशयाचा जो शब्द, त्यातूनच दया हा शब्द निघाला, हे लहानपणी तूच मला शिकवलंस. मग थोडी दया पोटच्या पोरीवर कर. नातवाला नुसतं 'ए बाळा' म्हण हवं तर, पण त्याला मांडीवर घ्यायला ये.

दारात उभी राहीन,
तुझी तिर्त्सा