पडद्यावरचे चौतीस

अण्णा, शिवाजीनगरच्या आपल्या दुकानात कापड बेतताना तुम्हाला चक्कर आली आणि मी ऑटोत घालून तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, तो दिवस मी तुम्हाला कधी पुरता सांगितला नाही. तिथली कॉम्प्युटरची व्यवस्था मी लिहिलेली होती. खाली लॅबमध्ये रक्त तपासायचं आणि आकडा तारेतून वरच्या वॉर्डातल्या पडद्यावर यायचा, कागदाची वाट बघायला नको. बसवून जेमतेम दोन महिने झाले होते.

मी अजून त्या वॉर्डात उभा आहे. तुमच्या खाटेपुढे पडद्यावर साखर दिसते, चौतीस. एवढी उतरली म्हणजे माणूस हातचा जायचा, म्हणून सिस्टर घाईने ग्लुकोजचं इंजेक्शन भरते. तुम्ही हात मागे घेता. "साखर उतरली की मला घाम फुटतो, हात कापतात. आत्ता नुसती तहान लागलीय. स्वल्प थांबा." सिस्टर माझ्याकडे बघते. मी म्हणतो, "अण्णा, मशीन चुकत नाही. घ्या." तुम्ही एकदा माझ्याकडे बघता आणि निमूट हात पुढे करता.

अर्ध्या तासात तुम्ही ग्लानीत गेलात. मग लॅबचा छापील कागद वर आला. त्यावर तीनशे बेचाळीस होते. मी तो तीनदा वाचला. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. पडद्यावरचं काही मानू नका, कागदच बघा, एवढं मी त्यांना कसंबसं सांगितलं आणि बसवनगुडीच्या आमच्या ऑफिसात धावलो.

आमच्या मॅडमनी तारेवरून काय काय आलं त्याची नोंद काढली. लॅबच्या मशीनने ३४२ नीट पाठवले होते. पण वाटेत निरोपाचे दोन तुकडे झाले. पहिल्यात ३४ आले, २ मागून आले. जे एका वेळी हाती पडेल तो एक पुरा निरोप, असं मी धरून चाललो होतो. मागून आलेला २ माझ्या प्रोग्रामने कचरा समजून टाकून दिला. ऑफिसात दोन मशीनं शेजारी ठेवून तपासलं तेव्हा असं एकदाही झालं नव्हतं. मॅडम कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "नळाला तुझा तांब्या कुठे भरला ते कळतं का? मोजायचं तू." मग त्यांनी विचारलं, पेशंट कोण होतं. मी सांगितलं. त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठवायची सोय केली. तेवढी अक्षरं हाती आल्याशिवाय पडद्यावर काही उमटणार नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही उठून बसलात आणि कॉफी मागितलीत, बिनसाखरेची. घरी आल्यावर अक्काला सांगत होतात, पोरगा तिथे होता म्हणून वाचलो. मी दारात उभा राहून ऐकलं. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात, रोज समोर होतात, आणि मी तुमचा समज तसाच राहू दिला.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, तर एवढंही लिहितो. पडद्यावर तुमचं नाव आणि चौतीस उमटले तेव्हा मला आधी भीती वाटली नाही. आकडा किती लवकर वर आला, असं वाटून मला बरं वाटलं होतं.