मंगळवारची जत्रा शुक्रवारी

सर, लिहीन लिहीन म्हणत इतकी वर्षं टाळलं. आधी वाटायचं, माझं अक्षर बघून तुम्ही वैतागाल. मग तुम्हीच गेलात, तेही कारण उरलं नाही, तरी टाळलंच. आज मात्र डोकं इतकं फिरलंय की कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि या ओट्यावर एक शेळी सोडली तर ऐकायला कुणी नाही.

ओटा शाळेचा आहे. हसू नका. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात पहिली-दुसरीच्या पोरांसाठी जत्रा भरवायची आहे, शिकायची जत्रा. मी इथे मंडपाचं कापड पोचवायला आलो होतो. मधल्या काळात काय काय केलं ते सांगत बसलो तर मुद्दा राहील, हायवेवरच्या ढाब्यावर तर असा एक आचारी होता की, जाऊ द्या. थोडी वर्षं जत्रांमधून पाळण्यावर कामाला होतो हे इथल्या शिकवणाऱ्या बाईंना कळलं आणि त्यांनी मला ठेवूनच घेतलं. म्हणाल्या, "दादा, तुम्हाला जत्रा माहीत आहे, आम्हाला फक्त शाळा माहीत आहे."

तुम्ही हे ऐकायला हवं होतं. लोणखेड्याच्या जत्रेत मी शाळा बुडवून पाळण्याजवळ उभा होतो, तर तुम्ही कान धरून वर्गात आणलंत. "जत्राच तुन्ही शाया शे का रे?" सगळा वर्ग हसतोय, माझा कान लाल. आणि मग तुम्ही खडू हातात देता, "सांग, कितला डबा व्हतात त्या पायनाले? एक डबामा कितला पोरं?" मी पाळण्याचे डबे, डब्यातली पोरं सांगतो, तुम्ही फळ्यावर मांडायला लावता, आणि तो पाढा माझ्या तोंडून सगळा वर्ग म्हणतो. फळ्याजवळ उभं राहून माझं बरोबर आलं ते तेवढंच, सर. रेवड्या पण दिल्या होत्या तुम्ही नंतर, खिशातल्या, जरा तंबाखूचा वास येणाऱ्या.

तर इथली जत्रा. रिंग फेकायची, ज्या आकड्यावर पडेल तेवढ्या चिंचा मोजून घ्यायच्या. पाट्या वाचून भाजीचं दुकान. मी म्हटलं, भोंगा पाहिजे, दुकानदार पोरांनी ओरडलं पाहिजे. मुख्याध्यापक म्हणाले, "ओ पाळणावाले, आवाज नको. मुलं रांगेत येतील, रांगेत जातील." जत्रेत रांग! मी म्हटलं, "गुरुजी, मग पोलीसच बोलवा ना." बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. चला, रांग तर रांग. पण तारीख?

तारीख आजची ठरली होती, मंगळवारची. उद्या ऊसतोडीच्या टोळीची गाडी येते आणि अर्धं गाव गुजरातला जातं. दुसरीत एक पोरगी आहे, पाट्या धडाधड वाचते. आई-बाप तिला सोबत नेणार, कारण इथे उरतो तो फक्त आजा, आणि आजा म्हणतो, शाळेत पोरं नुसती बसून असतात, त्यापेक्षा आईजवळ राहील. बाई दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या. तिला दुकान चालवताना त्याने एकदा बघावं, एवढ्यासाठी त्यांचा सगळा आटापिटा. तो म्हणाला होता, शाळेत मी कधी गेलो नाही, आता काय जाऊ.

आणि काल संध्याकाळी, उद्घाटनाला येणार होते त्या तालुक्याच्या साहेबांचा फोन, मला शुक्रवारीच जमेल. झाली जत्रा शुक्रवारची! मी ओरडलो, "शुक्रवारी गिऱ्हाईक कोण, साहेब एकटे?" मुख्याध्यापकांनी ग्रुपवर मेसेज टाकला आणि विषय संपवला. बाई सकाळपासून आत शिकवतायत, आवाज बसल्यासारखा येतोय. मी मांडलेल्या पाट्या काढून ठेवल्या, कापड गुंडाळलं.

खरं सांगू? माझी पिशवी भरून तयार आहे. दुपारच्या जीपने खाली उतरणार होतो, बाईंना न सांगताच. हा कागद लिहून झाला की निघायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पाठवणार तरी कुठे, सर, पिशवीतच राहिला असता.

थांबा. फाटकात कुणीतरी आलंय. म्हातारा आहे, धुतलेला सदरा, डोक्याला नवं फडकं, बोटाला ती पोरगी. त्याच्याकडे कुठला आलाय ग्रुप, त्याला कुणी कळवलंच नाही. तो इकडे तिकडे बघतोय आणि पोरगी मला विचारतेय, जत्रा कुठेय, आजा विचारतोय.

बाईंना हाक मारतो. आधी पाट्या लावतो, मग हाक मारतो.