पोळपाटावरचा पोपट

आई, तुझ्या पोळपाटाला तडा गेलाय. कडेला सुरू झाला तो थेट पोपटाच्या शेपटीपर्यंत पोचलाय. यंदा नाशिक असं काही तापलं की लाकूड बिचारं काय करणार! तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्याचं वाटोळं तू तेव्हाच केलं होतंस, आता कशाला रडतेस?" खरं आहे बाई तुझं.

मी तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात होते. दुसऱ्या दिवशी लाकूड कोरून शाईने छापलेल्या ठशाचं काम दाखवायचं होतं आणि फळी आणायची राहून गेली होती. तू गोदाकाठी बुधवारच्या बाजाराला गेलेलीस. मी तुझा माहेरचा पोळपाट मांडीवर घेतला आणि कोरणीने त्यावर पोपट काढला. मग तू येतेस, पदर खोचतेस, कणकेचा गोळा घेऊन बसतेस आणि पोळपाटाकडे बघतच राहतेस. राग आला की तुझं माहेरचं सटाणं जागं व्हायचं आणि तोंडात अहिराणी यायची. "हाई काय शे?" म्हणून अशी ओरडलीस की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. पोळपाट कॉलेजात नेऊ दिला नाहीस तो नाहीसच. "खायच्या वस्तूला शाई लावलीस तर याद राख," म्हणालीस. कॉलेजात मी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पण नवा पोळपाट काही तू आणला नाहीस. त्याच्यावरच पोळ्या लाटत राहिलीस आणि प्रत्येक पोळीवर पोपट उमटायला लागला. बाबांच्या ऑफिसात डबा उघडला की लोक वाकून बघायचे. तू मात्र रोज कुरकुरत खाचेतलं पीठ टाचणीने उकरायचीस. एकदा म्हणालीस, "चोच उथळ झालीय, उमटत नाही. नीट खोल कर." मी मुकाट्याने केली. मग तुझा दुसरा हट्ट सुरू झाला, "याला बसायला एखादी फांदी तरी द्यायचीस. हवेत लटकलाय मेला." मी म्हणायचे, "आई, तो उडतोय." "पंख मिटून?" तू विचारायचीस, आणि मी तणतणत निघून जायचे.

आता दर रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या खालच्या खोलीत मी हेच कोरीवकाम शिकवते. मोजकीच माणसं येतात. पहिला ठसा मी कणकेवर घ्यायला लावते. गोळा फळीवर दाबला की कुठे कोरणी उथळ चालली ते लगेच कळतं. तुझीच रीत. बँकेतून रिटायर झालेले एक काका दर वेळी विचारतात, "मॅडम, भाजायची पण का?" मखमलाबादकडच्या एक बाई पहाटे फुलं विकून तशाच येतात, हाताला झेंडूचा वास. एकदा पोळपाट दाखवायला खाली नेला होता, तेव्हा त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, लय दिवस नाय टिकायचं हे. छापून घ्या, नायतर पोपट बी जायचा."

मला का ते कळत नव्हतं? पण एकदा शाई लागली की त्यावर पुन्हा पोळी नाही. तू गेल्यापासून रोज सकाळी मी त्याच पोळपाटावर लाटते आहे. तेवढा वेळ तू शेजारी असतेस, आई. ते मला सोडवत नव्हतं. शिवाय तुझी ताकीद होतीच. म्हणून कधी कागद बरा नाही म्हटलं, कधी रोलर खराब झालाय म्हटलं, आणि प्रत्येक रविवार टाळला. मग परवा पोळी तड्यात अडकून फाटली. दुसरी लाटली, तीही फाटली.

या रविवारी सकाळी शेवटची पोळी लाटली, जराशी जाडच, आणि तूप-गूळ लावून ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. पोळपाट ब्रशने घासून घेतला, सुकवला आणि खाली नेला. रोलरवर शाई घेतली तेव्हा माझा हात थांबला. फुलवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "मी लावू का?" नको म्हटलं. मनात तुझी माफी मागितली आणि लावली. वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि अलगद उचलला.

काळ्या गोलात पोपट आला, शेपटीतून तडाही आला. आणि पोपटाच्या खाली एक फांदी होती. बारीक, वाकडीतिकडी, सुरीच्या टोकाने ओढलेली, एका ठिकाणी हात सटकलेला. दोन पानंही होती, बरोबर जिथे पाय असायला हवे होते तिथे. पोळपाटावरच्या जुन्या ओरखड्यांत ती कधी नजरेत भरली नाही, कणकेवर कधी उमटली नाही इतकी उथळ, पण शाई केसाएवढी रेघसुद्धा सोडत नाही. "ही फांदी कुणी काढली?" काकांनी विचारलं. "आमच्या आईने," म्हटलं आणि मला रडूच फुटलं. अगं, केव्हा केलंस हे? मी कॉलेजात असताना दुपारी? कणकेवर उमटली नाही म्हणून गप्प बसलीस होय! एकदा बोलली असतीस तर मी कोरणी तुझ्या हातात दिली असती गं.

सगळे म्हणाले, खाली सही करा. पेन्सिल घेतली आणि ठेवून दिली. एकटीची कशी करू? प्रिंट स्वयंपाकघरात लावलाय, हे पत्र त्याच्या मागे खोचून ठेवते. एकच सांगायचं राहिलं. तो उडत नव्हता गं, आई. मला पाय काढताच येत नव्हते.