पावशेरची भूक

३ जून २०१८

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझी भाची, आपली लाडकी पावशेर, माझ्या खांद्याला लागली. दहावं वर्ष सुरू आहे आणि अंग भरायला लागलंय. परवा पेपरात वाचलं, जन्मतः लहान असलेल्या आणि पुढे भराभर वाढलेल्या मुली लवकर वयात येतात. तेव्हापासून तिचं दूध बंद केलंय, पोळीही एकच वाढते. अजून मागितली की मी पाठ फिरवते. हे म्हणतात, अक्का कान उपटेल. दवाखान्यात तू जन्मभर बाळं सांभाळलीस. माझं चुकतंय का?

लोभ ठेव, राग आला तरी.
तुझी धाकटी

१० जून २०१८

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

वाचलंस ते खरं, पण अर्धंच. अशा मुली बहुधा थोड्या आधी वयात येतात, साऱ्याच नव्हेत. आणि ती भराभर वाढ मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतली! आज पोळी हिसकावून ती वर्षं परत येतील?

आठवतं, दीड किलोची होती, काचेच्या पेटीत? मीच पावशेर म्हणू लागले. वीस ग्रॅम वाढली की आपण दोघी वॉर्डात नाचायचो आणि मोठ्या सिस्टर डोळे वटारायच्या. ज्या वाढीसाठी देव पाण्यात ठेवलेस, तिलाच आज गुन्हेगार ठरवतेस? वाढत्या पोरीला उपाशी ठेवणं हा अन्याय आहे, मग तो आईने का केलेला असेना!

डॉक्टरांना दाखव, शंका फिटेल. आणि तिला पाळीबद्दल सगळं आधी सांग. मला कोणी सांगितलं नव्हतं. मरतेय समजून मी दिवसभर माळ्यावर लपले होते. तू खालून हाका मारत होतीस, एवढीशी.

पोटभर वाढ, मग मला लिही.
तुझी अक्का

२ ऑगस्ट २०१९

ती. अक्कास, सा. न.

डॉक्टरीणबाई गेल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, सगळं वयाला धरून आहे. तेव्हापासून पोटभर वाढते. आज पावशेर शाळेतून आली आणि शांतपणे म्हणाली, पाळी आलीय.

मग तिने विचारलं, फार जेवते म्हणून आली का? पोळी का कमी केली होती, ते मी तर तिला कधीच सांगितलं नव्हतं! जवळ घेऊन म्हटलं, नाही गं, चूक माझी होती. हे बोलायला मला वर्ष लागलं, अक्का. त्यावर तिने सांगितलं, मी एकच पोळी वाढायचे तेव्हा बाकावरची मैत्रीण रोज अर्धा डबा तिला द्यायची.

त्या पोरीला रविवारी जेवायला बोलावलंय. तूही ये. माया आहेच, ती वाढत राहो.

तुझी धाकटी