कॉलेजचा रविवार

बाबा, आज दिवसभर मी एका जागी बसलेले नाही. ऑफिसातून किचनमध्ये, किचनमधून चॅपलमागच्या पार्किंग लॉटमध्ये, पुन्हा वर. तुम्ही म्हणाला असतात, "पायाला भिंगरी लागलीय का?" साताऱ्याहून इतक्या दूर, या बर्फाच्या मुलखात येऊन ज्या कॉलेजात तुम्ही गणित शिकवलंत, त्याचाच कारभार आता मी सांभाळते; तुम्ही गेलात तेव्हा मी टोरांटोत बँकेत होते. उद्या बोर्डाची मीटिंग आहे आणि रविवारचं जेवण चालू ठेवायचं की बंद करायचं, हे माझ्या एका शब्दावर अडलंय.

चर्चने एकोणिसाव्या शतकात हे कॉलेज काढलं, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांकडे रोख पैसा नव्हता. त्यांनी गहू दिला, बटाटे दिले, थंडीसाठी लाकडं दिली आणि त्यावर धर्मोपदेशक व्हायला आलेली मुलं जगली. त्यातलं पुढे उरलं ते एवढंच: गावोगावच्या चर्चमधल्या बायका आळीपाळीने रविवारी येऊन मुलांना फुकट जेवू घालायच्या. तुम्ही आम्हालाही न्यायचात. आपण शाकाहारी, म्हणून आपल्या ताटात उकडलेले बटाटे आणि बीन्स. शाळेत असताना एकदा मी अडून बसले, "बाबा, आय ॲम नॉट गोइंग. मी घरी वरणभात खाते." तुमचा आवाज सहसा चढत नसे, त्या दिवशी चढला. "मी साताऱ्यात वार लावून शिकलो. रोज एका घरी जेवायचं, आठवडाभर. ज्या घराने आपल्याला वार दिला, तो आपण मोडायचा नाही. अंगात ताप असला तरी जाऊन पानावर बसायचं. नाही म्हणणं म्हणजे त्या माउलीचा अपमान." मी बूट घातले. तुमच्या लेखी हे अख्खं कॉलेजच वार लावून जेवत होतं, आणि त्यात तुम्हाला काही कमीपणा वाटत नव्हता.

म्हणून मीही हे जेवण धरून बसले. मागच्या वर्षी शेअर बाजार कोसळला आणि कॉलेजच्या ठेवींचं उत्पन्न आटलं. चर्चकडे माणसंच उरली नाहीत, तर मदत कुठून येणार! हॉस्टेलचं छप्पर गळतंय. एक केटरर सातही दिवसांसाठी किचन भाड्याने मागतोय. त्या भाड्यात छप्पर नीट होईल. चेअरमन विचारतात आणि मी दर वेळी "बघू" म्हणते. तुमची नात फोनवर वैतागते, "आई, इट्स जस्ट सूप!" तिला काय सांगणार, कप्पाळ? बाकीची चर्च बंद पडली, एकाच चर्चमधल्या चौघी म्हाताऱ्या उरल्या, तरी त्यांनी एक रविवार चुकवला नाही. याचा मला केवढा अभिमान होता, अगदी तुमच्यासारखा.

आज दुपारी त्यांना धीर द्यायला किचनमध्ये गेले. त्यांच्यातली सर्वांत मोठी, तुमच्यासाठी बीन्स वेगळ्या काढून ठेवायची तीच, ओट्याला टेकून उभी होती. मी म्हटलं, काळजी करू नका, मी बोर्डाशी भांडेन. तिने डाव खाली ठेवला. "हनी, प्लीज डोन्ट." मग हळूहळू सांगू लागली. गुडघे गेलेत, बर्फात गाडी चालवायची धास्ती वाटते, मोठं पातेलं आता दोघींना मिळूनही उचलत नाही. कॉलेज कधीतरी "पुरे" म्हणेल म्हणून त्या कितीतरी वर्षं वाट बघताहेत. "पण तुझ्या वडिलांना हे जेवण किती आवडायचं! तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही."

बाबा, मला तुमचा राग आला. जेवणाऱ्याने कसं वागायचं ते तुम्ही पढवलंत. वाढणारीने कधी खाली बसायचं, हे तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. मी डाव उचलला, मुलांना वाढलं, आणि पुढच्या रविवारी येऊ नका असं चौघींनाही सांगून टाकलं. सर्वांत मोठी थोडी रडली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिने स्वतःसाठी सूप मागितलं.

उद्या मी केटररला हो म्हणणार आहे. हे पत्र मी ठेवणारसुद्धा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्ही असतात, तर मला तिचे गुडघे दिसले असते आणि तरीही, तुम्हाला काय वाटेल या भीतीने, मी तिला आणखी एक हिवाळा उभं ठेवलं असतं.