सोळाच्या पाढ्यातला निळा

१२ जानेवारी, सोमवार

दुकानाला सुट्टी. संध्याकाळी मुक्ता ऑफिसातून आली ती एक डबी घेऊनच. आगपेटीएवढी. कापडावर टेकवायची, बटण दाबायचं, की मोबाइलवर त्या कापडाच्या रंगाचा नंबर येतो. लेकीला आता आमचं दादरचं मॅचिंग सेंटर इंटरनेटवर न्यायचंय.
'आई, नाशिकची बाई ब्लाउजपीससाठी साडी घेऊन दादरला येणारे का? तिने फोटोवरून नंबर काढायचा, आपण जवळचा पीस पाठवायचा.'
म्हटलं, रंगाला नंबर कशाला गं? नावं आहेत की. डाळिंबी, आमसुली, अबोली.
'आपल्याकडे मोरपंखी किती आहेत?'
नऊ-दहा असतीलच. जितक्या गिरण्या तितके मोर.

१४ जानेवारी

संक्रांत. आठवडाभर काळे पीस फाडून हात दुखले. आज दुपारनंतर शांत.
तिळगूळ खाताना मुक्ताने नंबर समजावला. सहा घरं. पहिली दोन लाल किती ते सांगणारी, मधली दोन हिरवा, शेवटची दोन निळा. पण हे आकडे आपले नव्हेत. आपण दहा झाले की हातचा घेतो. हे सोळा झाल्यावर घेतात. मग नवाच्या पुढे दहा ते पंधराला एकेक चिन्ह हवं, म्हणून A, B, C...
हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, 'मग अ ब क ड इ फ घ्या ना. भूमितीत चालत होतं.'
झालं. अ दहा, ब अकरा, क बारा, ड तेरा, इ चौदा, फ पंधरा. मुक्ता हसून हसून आडवी.
डाळिंबी रुबियाच्या कापडाचा नंबर आला अ३ १फ ३४. अ३ म्हणजे दहा सोळे एकशेसाठ नि वर तीन. एकशे त्रेसष्ट. मी एका दमात सांगितलं. मुक्ता मोबाइलवर ताडून बघते तर बरोबर. तिला सोळाचा पाढा येत नाही. आम्हाला तिसापर्यंत घोकवले होते, छडीसकट.

१७ जानेवारी

डबी दुकानात नेली. शैलाताईंनी, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, तिला हातही लावला नाही. 'काय गो नलू, पस्तीस वर्षं डोळ्यांनी धंदा केला, आता डबी सांगणार व्हय?'
पण गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी खेळ काढला. तागा बघायचा, आधी आपण नंबर सांगायचा, मग डबी टेकवायची. लालात मी दोन-चारच्या फरकाने. हळद्यात तर एकदा तंतोतंत. शेवटच्या दोन घरांत जरा घसरते, पण होईल सवयीने.
चार वाजता शैलाताई हळूच म्हणाल्या, 'ह्या राणीचा सांग बघू.' म्हणजे कान इकडेच होते!

१८ जाने.

रविवारची गर्दी. जेवायला पाच वाजले. छान विक्री. काही लिहायला नाही.

२१ जानेवारी

ह्यांना नवीन खूळ. मुक्ताने सांगितलं की कॉम्प्युटरला सोळाही कळत नाहीत, त्याला दोनच कळतात. दिवा लागला, दिवा विझला. एक नि शून्य. एकेका रंगाला आठ दिवे, त्यांच्या किमती उजवीकडून एक, दोन, चार, आठ, सोळा अशा दुप्पट. लागलेल्यांची बेरीज म्हणजे आकडा. आठ एक-शून्य लिहायला लांबतात, म्हणून चार-चारची जुडी बांधून एकेका चिन्हात लिहितात. चार दिव्यांचे सोळाच प्रकार होतात, म्हणून सोळा.
हे ऑफिसातून रिटायर झाल्यापासून असं काही शोधतच होते. आता बोटांवर मोजतात. उभं बोट एक, मिटलेलं शून्य. दहा बोटांत हजाराच्या वर जाता येतं म्हणे. गच्चीवर फेऱ्या मारताना फेऱ्या मोजतात. मुक्ताने बजावलंय, 'बाबा, चार आला की हात खिशात घाला.' चार म्हणजे एकटं मधलं बोट!
दुधाच्या कॅलेंडरवर १० लिहून ठेवलं. दूधवाला घाबरला, दहा लिटर कधी घेतलंत? दोनच होते.

२५ जानेवारी

माहीमच्या एक बाई. मुलीच्या लग्नाला नेसायची साडी, गडद निळी, जवळजवळ काळी. गेल्या रविवारी मीच पीस दिलेला. आज परत आणला. शिवून झालेला. दारातल्या उजेडात साडीवर धरला त्यांनी. 'बघा.'
मी बघितलं. मला काही दिसेना.
शेजारच्या फॉल-पिकोवालीने लांबून सांगितलं, 'ताई, काळा दिलात ओ!'
बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'सगळीकडे मी उजेडात नेऊन बघते. तुमच्याकडे नाही बघत.'
दुसरा पीस दिला, शैलाताईंनी निवडला, शिलाई आम्ही देऊ म्हटलं. तरी ते वाक्य काही...
ट्यूबलाइट बदलायला पाहिजे.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. शिरा केला. मुक्ताला कालचं सांगितलं, ट्यूबलाइटचंही. जेवणानंतर तिने तुकड्यांची पिशवी पलंगावर उलटी केली. 'आई, जोड्या लाव. खिडकीतच बस, दिवा नको.'
लावल्या. लाल, हिरवे, हळदे फटाफट. शेवटी दोन उरले. म्हटलं, ही पण जोडी. कोनफळी.
'नक्की?'
'एक धुतलेला असेल, बाकी एकच.'
तिने डबी टेकवली. पहिल्याचा ६० ४अ ५क. दुसऱ्याचा ६० ४अ ९अ. पहिली चार घरं एकसारखी.
म्हटलं, डबी बिघडली. तिने परत टेकवली. तेच. हे म्हणाले, 'अगं, एक चॉकलेटीकडे जातोय नि दुसरा चक्क जांभळा.' मी रागाने आत जाऊन भांडी घासली.

२७ जानेवारी

दुपारी दुकानात. शैलाताई जेवत होत्या. मी पुन्हा हिशेब मांडला. वाटलं, ते क, अ वगैरे आपल्याला सरावाचे नाहीत, त्यामुळे फरक उगाच मोठा वाटत असेल. आपल्या आकड्यांत आणला की एवढासा होईल.
सोळा पाचे ऐंशी, नि बारा, ब्याण्णव.
सोळा नवे चव्वेचाळासे, म्हणजे एकशे चव्वेचाळीस, नि दहा, एकशे चोपन्न.
बासष्ट.
सोळांतच वजाबाकी करून बघितली. अ मधून क जात नाही, नवातला एक फोडला की सोळा हातात येतात, सोळा नि दहा सव्वीस, त्यातून बारा गेले चौदा, म्हणजे इ. आठातून पाच गेले तीन. ३इ. तीन सोळे अठ्ठेचाळीस नि चौदा. परत बासष्टच.
जास्तीत जास्त फफ, म्हणजे दोनशे पंचावन्न, त्यातले बासष्ट. निळ्याचा चवथा हिस्सा मला दिसतच नाही. लालाचा दोन-चारचा फरक ओळखणारी मी.
घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या दोन्ही आकडे दिव्यांत मांडून बघितले होते. ०१०१११०० आणि १००११०१०. 'पहिलाच दिवा बघ, सगळ्यात मोठा. एकात विझलाय, एकात लागलाय.' मग म्हणाले, 'परळच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाऊ या. मी येतो.'
मी हो म्हटलं. वाद घालायला काही उरलंच नव्हतं.

३१ जाने.

मोतीबिंदू. दोन्ही डोळे, उजवा जास्त. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण घाई नाही. म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग पिकून पिवळं पडत जातं, निळा अडवतं. 'हळूहळू होतं ना, त्यामुळे कळत नाही. तुम्हाला कळलं कसं?'
ह्यांनी सांगितलं. सोळाच्या पाढ्यासकट! बाहेर पेशंट ताटकळत होते, नि ह्या ५क म्हणजे किती ते स्वतः करून बघत बसल्या.
उजवा आधी. नऊ तारीख, सोमवार. दुकानाचा दिवस पण बुडत नाही.
शैलाताईंना सांगितलं. घडी घालता घालता थांबल्या. 'मग तोवर निळे-जांभळे माझ्याकडे दे. तू लाल सांभाळ.' एवढंच. पण दुपारी माझ्या डब्यात स्वतःच्या सोलकढीची बाटली ठेवली. इतकं बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

झालं. दुखलं नाही. आत थंड होतं, भीती वाटली, तेव्हा पाढे म्हणत होते. नर्स म्हणाली, मावशी हलू नका, मनात म्हणा.
मुक्ता सांगते, बाहेर बाबा बोटं उभी-आडवी करत बसले होते नि समोरचे एक काका फार रागाने बघत होते. चार आला असणार.
हे मुक्ताच्या हातून लिहवून घेतलंय.

१० फेब्रुवारी

पट्टी काढली.
पांढरं! केवढं पांढरं. डॉक्टरबाईंचा कोट, भिंत, कापूस. घरी आले तर स्वयंपाकघर ओळखू येईना. आमच्या टाइल्स मोतिया आहेत असं मी सगळ्यांना सांगत आलेय. फिकट निळ्या आहेत. हे म्हणतात निवडताना निळ्याच घेतल्या होत्या, तूच निवडल्यास.
ह्यांचा शर्ट राखाडी नाही. गॅसची ज्योत तर बघतच राहिले, दूध उतू गेलं. शिव्या कोणी दिल्या नाहीत.
उजवा झाकला की डाव्यातून सगळं चहाच्या पाण्यातून काढल्यासारखं. डावा झाकला की लख्ख. दिवसभर हाच चाळा. मुक्ता ओरडली, डोळ्याला हात लावू नकोस.

१३ फेब्रु.

थेंब, काळा चष्मा, केस धुवायचे नाहीत, वाकायचं नाही. कंटाळा. ते दोन तुकडे मागून घेतले. उजव्याने बघितले. शी! जोडी म्हणाले होते मी ह्यांना.

२५ फेब्रुवारी

कालपासून दुकानात पुन्हा बसते, अर्धा दिवस. कपाटातल्या निळ्यांची चळत उपसली. चार तागे भलत्याच घरात सापडले. ते काही मी एकटीने ठेवलेले नसणार. शैलाताई पाठ करून गिऱ्हाइकाशी बोलत होत्या.
मुक्ताने इंटरनेटवर उघडलेल्या पानावर पहिली मागणी आली. नागपूरहून. आमसुली. मुक्ताने मी सांगितलं तसं नंबराखाली नावही टाकलंय. बाईंनी फोन केला तर नंबर विचारलाच नाही. 'आमच्या आजीच्या तोंडात होता हो हा शब्द,' म्हणाल्या. तरी मी नंबर ताडून मगच पीस पाठवला. दोन्ही असलेले बरे.
डाव्याचं काय ते डॉक्टरबाईंनी माझ्यावर सोडलंय. घाई नाही म्हणतात. मला ठरवता येत नाही. डाव्यातून जुनी साडी जुन्यासारखी दिसते. हे मुक्ताला सांगितलं तर ती म्हणेल, वेडी आहेस.

४ मार्च

दुपारची वेळ, एकच गिऱ्हाईक. दादरचीच मुलगी, बँकेत असावी. तिला मोतिया हवा होता. मी लाल काढत होते म्हणून शैलाताई उठल्या. वरच्या घरातून तागा काढला, गजाने मापायला घेतला. 'हा बघ, अस्सल मोतिया.'
फिकट आकाशी होता.
मुलगी मोबाइलमध्ये. डबी गल्ल्याशेजारी पडलेली, पण मला ती उचलावीशी वाटली नाही. मी उठून मोतियाचा तागा काढला नि त्यांच्या ताग्याच्या जागी सरकवला. 'ताई, ह्याचा पन्हा मोठा आहे, तिला पुरेल.' शैलाताईंनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही ताग्यांकडे. मग कात्री घेतली आणि मी दिलेल्यातून फाडला.
संध्याकाळभर त्यांनी एकाही रंगाचं नाव घेतलं नाही. 'तो दे', 'वरचा दे', असंच.
घरी जायला घोडपदेवची बस येईना. दोघी स्टॉपवर. शैलाताई समोरच्या शेंगदाणेवाल्याकडे बघत म्हणाल्या, 'तुझी ती परळची डॉक्टरीण शनिवारी असते काय गो?'
'असते.'
'दुखत नाही म्हणालीस.'
'नाही दुखत.'
'आपलं विचारलं.'
बस आली. त्या आधी चढल्या नि खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवली.